लॅब्रॅडॉर : कोळ्यांचा कुत्रा आपल्या फ्लॅटमध्ये कसा आला?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि ऐकून झाल्यावर एखादं साल किंवा नाव परत बघायचं असतं त्यांच्यासाठी, ही या भागाची लिखित प्रत. बोलले तसंच ठेवलंय, मधले 'अं' आणि 'हां' तेवढे काढलेत.

गेले काही महिने तुमच्याकडून एक प्रश्न सारखा येतोय. शब्द वेगळे, प्रश्न तोच. 'लॅब घ्यायचाय, टू बीएचकेमध्ये राहील ना?' 'मुलांशी चांगला असतो म्हणतात, खरं का?' 'फार खातो म्हणतात, खरं का?' मी काही प्राण्यांची डॉक्टर नाही. माझा विषय इतिहास. पण या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासातच आहेत, म्हणून हा भाग करतेय.

आजचं म्हणणं एका वाक्यात सांगते. लॅब्रॅडॉरचं जे रूप आपल्याला आवडतं आणि जो स्वभाव आपल्याला आवडतो, ते दोन्ही कुणीतरी कामासाठी घडवलंय. आपण कुत्रा घरी आणतो तेव्हा ते कामही सोबत घरी येतं. काम द्यायची तयारी नसेल, तर त्याचे हाल होतात आणि आपलेही.

नावातच घोळ

सुरुवात नावापासून. लॅब्रॅडॉर हा कॅनडाच्या पूर्व टोकाचा एक थंडगार किनारा. आणि लॅब्रॅडॉर कुत्रा तिथला नाहीच! तो आहे त्याच्या दक्षिणेला असलेल्या न्यूफाउंडलंड या बेटावरचा. म्हणजे देवगडच्या आंब्याला जगभर 'गोव्याचा आंबा' म्हणावं, तसा प्रकार. न्यूफाउंडलंड हे नाव आधीच दुसऱ्या एका थोराड, झुपकेदार केसांच्या कुत्र्याला मिळालं होतं. मग या लहान, आखूड केसांच्या कुत्र्याला शेजारच्या मुलखाचं नाव चिकटलं.

'लॅब्रॅडॉर' हा शब्द मुळात पोर्तुगीज. जुआंव फर्नांडिश लाव्रादोर नावाचा एक पोर्तुगीज दर्यावर्दी १५व्या शतकाच्या अखेरीस उत्तर अटलांटिकमध्ये फिरला होता. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला, साधारण त्याच सुमाराची ही गोष्ट. या माणसाचं 'लाव्रादोर' हे बिरुद आधी नकाशावर ग्रीनलंडला लागलं, नंतर सरकत सरकत कॅनडाच्या किनाऱ्यावर जाऊन बसलं. आणि 'लाव्रादोर'चा अर्थ काय? जमीन कसणारा. म्हणजे शेतकरी! कुत्रा कोळ्यांचा, नाव शेतकऱ्याचं.

मासळीच्या बेटावर घडलेलं शरीर

१४९७ मध्ये जॉन कॅबट इंग्लंडहून निघून या भागात पोचला. तिथल्या समुद्रात कॉड मासा अफाट होता. मग इंग्लंडच्या डेव्हन आणि डॉर्सेट भागांतले कोळी दरवर्षी अटलांटिक ओलांडून इथे यायला लागले. मासा पकडायचा, खारवायचा, वाळवायचा आणि जहाजात भरून युरोपात विकायचा. आपल्याकडच्या सुक्या मासळीच्या धंद्यासारखाच धंदा, फक्त हवा गोठवणारी.

या वस्त्यांमध्ये एक कुत्रा तयार झाला. तिथल्या मुख्य बंदराच्या नावावरून त्याला 'सेंट जॉन्सचा पाणकुत्रा' म्हणायचे. तो नेमका कोणत्या कुत्र्यांपासून झाला याच्या वह्या कुणी ठेवल्या नाहीत. कोळी आपापल्या गावांहून कामाची कुत्री आणत होते, ती तिथे मिसळत गेली. मध्यम चणीचा, काळा, छातीवर आणि पायांवर पांढरे ठिपके.

त्याचं काम काय? जाळ्याचा दोर तोंडात धरून पोहत किनाऱ्याला आणायचा. गळातून निसटलेला मासा पाण्यात उडी मारून पकडायचा. हिवाळ्यात लाकडांची घसरगाडी ओढायची.

आता तुमच्या ओळखीचा एखादा लॅब डोळ्यांसमोर आणा आणि हे काम त्याच्या अंगावर जुळवून बघा.

केस आखूड आणि दाट. लांब केसांत बर्फाचे गोळे अडकतात, आणि होडीत चढल्यावर असा कुत्रा बादलीभर पाणी आत आणतो. आखूड केसांना ती अडचण नाही. पण थंडीचं काय? त्यासाठी आत लोकरीसारखा दुसरा थर आहे, आणि वरचे केस किंचित तेलकट, पाणी सहज आत जाऊ न देणारे. लॅबला आंघोळ घातल्यावर अंग पटकन ओलं होत नाही, असं म्हणतात ना, ते यामुळे.

शेपूट बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती, पाणमांजरासारखी. इंग्रजीत तिला 'पाणमांजराची शेपूट' असंच म्हणतात. पोहताना ती सुकाणूचं काम करते. आपल्या दिवाणखान्यात तीच शेपूट टीपॉयवरचे कप खाली पाडते. पायांच्या बोटांमध्ये कातडीचा पडदा. छाती रुंद, मान मजबूत, कारण तोंडात वजन धरून लाटेविरुद्ध यायचंय. कान डोक्यालगत लोंबणारे.

यातलं काहीही शोभेसाठी नव्हतं. तो काही दिसायला छान म्हणून निवडलेला कुत्रा नाही. कामाला उपयोगी पडलेली कुत्री जगली आणि त्यांची पिल्लं पुढे गेली.

बंदूक बदलली आणि स्वभाव ठरला

शरीर कोळ्यांनी दिलं. स्वभावाचा बराचसा भाग मात्र दिला इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरदार लोकांनी, आणि त्यामागे कारण होतं बंदुकीचं.

न्यूफाउंडलंडच्या मासळीचा इंग्लंडमधला एक मोठा व्यापार पूल नावाच्या बंदरातून चाले. जहाजांबरोबर ही कुत्रीही तिथे उतरायची. १८१४ मध्ये कर्नल पीटर हॉकर या शिकारी गृहस्थाचं तरुण शिकाऱ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आलं. त्याच्या पुस्तकात या लहान काळ्या कुत्र्याचं भरपूर कौतुक आहे. पुलाजवळच हर्न इथे माल्म्सबरीच्या अर्लची, म्हणजे तिथल्या एका सरदाराची जहागीर होती. दलदल, नदी, पाणपक्षी. त्याने ही कुत्री विकत घेऊन पाळली, आणि त्याच्या मुलानेही तो वसा चालू ठेवला. हा मुलगा म्हणजे पुढे दोनदा ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झालेला तिसरा अर्ल. तिकडे स्कॉटलंडमध्ये बक्लूचा ड्यूक आणि होमचा अर्ल यांनीही १८३०च्या दशकात अशीच कुत्री मागवली होती.

आता बंदुकीचं ऐका. आधी असायची ठासणीची बंदूक. एक बार उडवला की दारू ठासा, छर्रे भरा, मग दुसरा. त्यामुळे शिकारी दोन कुत्री घेऊन रानात चालायचा, कुत्रं पक्षी दाखवायचं, शिकारी एखाद-दुसरा पाडायचा. १८५०च्या दशकापासून इंग्लंडमध्ये मागच्या बाजूने काडतूस भरायच्या बंदुका पसरायला लागल्या. बार पटापट टाकता यायला लागले. शिकारीची पद्धतच पालटली. शिकारी रांगेत एका जागी उभे, समोरून हाकारे रान झोडपत पक्षी उठवतात, आणि पक्षी डोक्यावरून जाताना धडाधड बार.

आता कुत्र्याचं काम काय उरलं? शांत बसणं! मालकाच्या पायाशी बसायचं. कानाजवळ बार झाला तरी दचकायचं नाही. पक्षी पडताना दिसला तरी धावायचं नाही. कोणता पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवायचं. सांगितल्यावरच जायचं, काट्याकुट्यांतून आणि पाण्यातून पक्षी शोधायचा, दात न रुतवता अलगद आणायचा आणि मालकाच्या हातात सोडायचा. शेजारी अनोळखी माणसं आणि त्यांचे अनोळखी कुत्रे, पण भांडण काढायचं नाही.

ही यादी पुन्हा वाचा. 'लॅब मुलांशी चांगला असतो', 'पाहुण्यांवर भुंकत नाही', 'सांगितलेलं ऐकतो', 'तोंडात चप्पल घेऊन फिरतो', हे सगळं तिथे आहे. आज आपण ज्याला गोड स्वभाव म्हणतो, त्या त्या काळी नोकरीच्या अटी होत्या. ज्या कुत्र्याला त्या जमत नव्हत्या त्याची पिल्लं पुढे वाढवत नसत.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. राखणीसाठी लॅब घेऊ नका. अनोळखी माणसाशी जुळवून घेणं त्याच्या रक्तात मुद्दाम घातलंय. चोर आला तर बहुतेक लॅब आधी शेपूट हलवतील आणि मग त्याच्या पिशवीत खायला काय आहे ते बघतील.

मूळ कुत्रा संपला

इतकं कामाचं जनावर, तरी ते जवळजवळ नाहीसं झालं होतं. न्यूफाउंडलंडच्या सरकारला मेंढीपालन वाढवायचं होतं, आणि कुत्री मेंढ्या मारतात ही तक्रार होती. १७८० मध्येच तिथल्या गव्हर्नरने एका कुटुंबाला एकच कुत्रा असा हुकूम काढला होता. १८८५ मध्ये मेंढ्यांच्या रक्षणाचा कायदा आला आणि कुत्री पाळण्यावर आणखी निर्बंध आले. इकडे ब्रिटनने रेबीज आटोक्यात आणण्यासाठी शतकाच्या अखेरीस बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना सहा महिने वेगळं ठेवण्याचा नियम केला. तिथून कुत्री येणं जवळपास थांबलं.

त्याच्या थोडं आधी, १८८०च्या दशकात, म्हातारा झालेल्या माल्म्सबरीच्या तिसऱ्या अर्लने बक्लूच्या ड्यूकला आपल्याकडची काही कुत्री दिली. त्यातल्या दोघांची नावं सगळ्या लॅबप्रेमींना पाठ असतात : नेड आणि एव्हन. दक्षिणेतल्या आणि स्कॉटलंडमधल्या कुत्र्यांची ही गाठ पडली नसती, तर आजचा लॅब्रॅडॉर बहुधा दिसला नसता. आजच्या लॅबची वंशावळ मागे मागे नेली की या मोजक्या सरदारांच्या कुत्र्यांपाशी येऊन पोचते.

न्यूफाउंडलंडमधला मूळ पाणकुत्रा मात्र वाचला नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका आडगावात दोन म्हातारे कुत्रे उरले होते. त्यांचे फोटो आहेत. दोघेही नर. पुढे ती जात संपली.

पण पूर्ण संपली असंही म्हणता येत नाही. काळ्या लॅबच्या छातीवर कधीकधी छोटा पांढरा ठिपका असतो, पायाच्या मागच्या बाजूला, गादीजवळ पांढरे केस असतात. लोकांना वाटतं, 'भेसळ आहे, ब्रीडरने फसवलं.' तसं नसतं बरं का. तो त्या कोळ्यांच्या कुत्र्याचा उरलेला ठसा आहे. या पायावरच्या ठिपक्यांना एका कुत्र्याचं नाव मिळालंय. त्याची गोष्ट पुढे येतेच.

काळा, पिवळा, चॉकलेटी

ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, अमेरिकेत पहिली नोंद १९१७ ची. सुरुवातीला चांगला लॅब म्हणजे काळा, हे ठरलेलं. पण काळ्या आई-बापांच्या वेतात मधूनच एखादं पिवळं किंवा तपकिरी पिल्लू निघायचं, आणि अनेक ठिकाणी अशी पिल्लं मारून टाकली जायची. १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये मेजर रॅडक्लिफ यांच्याकडे 'बेन ऑफ हाइड' नावाचं पिवळं पिल्लू जन्मलं. त्यांनी ते ठेवलं. नोंदवला गेलेला पहिला पिवळा लॅब तो हाच. चॉकलेटी रंगाला मान मिळायला आणखी काही दशकं गेली.

रंगाचं गणित सोपं आहे. एक जनुक ठरवतं की रंग काळा बनवायचा की तपकिरी. दुसरं जनुक ठरवतं की तो रंग केसांत जाऊ द्यायचा की नाही. जाऊ दिला नाही की कुत्रा पिवळा. म्हणूनच पिवळ्या लॅबचे केस फिके, पण नाक आणि ओठ सहसा काळे असतात. पिवळ्यात अगदी सायीसारख्या फिक्या रंगापासून कोल्ह्यासारख्या तांबूस रंगापर्यंत सगळ्या छटा येतात. आपल्याकडे 'व्हाइट लॅब' म्हणून ज्याची जाहिरात होते तोही या हिशेबात पिवळाच.

रंगावर भाळण्याची किंमतही असते. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या लॅबच्या दवाखान्यातल्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चॉकलेटी लॅबचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं निघालं, इतर रंगांच्या लॅबचं १२.१ वर्षं. कानाचे आणि कातडीचे आजारही चॉकलेटीत जास्त. रंग वाईट असतो असं नाही. पण चॉकलेटी पिल्लं हवीत म्हणून मोजक्याच कुत्र्यांमध्ये पुन्हा पुन्हा जोड लावली, की रंगाबरोबर दुखणीही पुढे जातात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

बोलो : कुणालाच नको असलेला लॅब

आता ती ठिपक्यांची गोष्ट. १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर क्लब स्थापन झाला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांमध्ये एक बाई होत्या, पुढे त्या लॉर्ना, काउंटेस हाऊ म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांचा एक आवडता कुत्रा गेला. त्याच्या वंशातलं कुणीतरी हवं म्हणून शोध घेताना पहिल्या महायुद्धाच्या शेवटी त्यांना त्याचा मुलगा सापडला, बोलो. पण हा बोलो एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे फिरलेला, कुणाचं न ऐकणारा, माणसांवर विश्वास उडालेला. त्याला गोळी घालायचं घाटत होतं.

बाईंनी त्याला घरी आणलं आणि धीराने शिकवलं. तोच बोलो पुढे शिकारीच्या मैदानात आणि प्रदर्शनाच्या रिंगणात, दोन्हीकडे चॅम्पियन ठरलेला पहिला लॅब झाला. त्याच्या वंशात पायाच्या मागे ते पांढरे ठिपके वारंवार दिसत, म्हणून लॅबप्रेमी आजही त्यांना 'बोलो पॅड' म्हणतात.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. लॅब आहे म्हणजे शहाणा निघणारच, असं काही नसतं. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या माहितीवरचं एक संशोधन आलं. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. शिकवलेलं ऐकण्याची तयारी यासारख्या काही गोष्टींत जात थोडी जास्त बोलते. म्हणजे जातीतून कल मिळतो. त्याचं पुढे काय होतं हे घरावर अवलंबून. चांगल्या वंशातला बोलो वाईट हातांत बिघडला होता, आणि चांगल्या हातांत सुधारला.

भूक : खोड नाही, जनुक आहे

'लॅब फार खातो' याचं उत्तर विज्ञानाने अलीकडेच दिलंय. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या डॉ. एलेनॉर रॅफन यांच्या गटाला लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला सापडला. पोट भरलं हे मेंदूला सांगणाऱ्या साखळीतलं हे जनुक. जवळपास चौथाई लॅबमध्ये हा बिघाड असतो, आणि त्याच्या एकेका प्रतीमागे कुत्र्याचं वजन सरासरी १.९ किलोने जास्त भरतं. त्याच गटाने २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : असे कुत्रे स्वस्थ बसलेले असताना सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. भूक जास्त आणि खर्च कमी, दोन्हीकडून मार!

पण त्या अभ्यासातली खरी गंमत पुढे आहे. अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅबमध्ये हाच बिघाड जवळपास तीन-चतुर्थांश कुत्र्यांत सापडला. का? बहुधा खाऊसाठी वाट्टेल ते शिकणारा कुत्रा प्रशिक्षणात पटकन पास होतो म्हणून. म्हणजे ज्या भुकेमुळे तो आपल्या ताटाकडे केविलवाणं बघतो, त्याच भुकेमुळे तो शिकतोही. तेव्हा जेवताना त्याने बघितलं की पोळीचा तुकडा टाकणं हे प्रेम नव्हे. त्याला पोट भरल्याचं कळतच नसेल, तर ते कळायची जबाबदारी तुमची.

मुंबईने पाहिलेला लॅब

हे नाक, ही भूक आणि हा शांतपणा योग्य कामाला लावला तर काय होतं, ते मुंबईने पाहिलंय. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. नंतरच्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर नावाच्या लॅबने शहर आणि आसपास लपवलेला साठा एकामागून एक हुडकून काढला. तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब, हजारो काडतुसं त्याच्या नावावर सांगितली जातात. तेव्हा तो जेमतेम वर्षाचा होता. १६ नोव्हेंबर २००० ला हाडांच्या कॅन्सरने तो गेला. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. फुलांनी झाकलेला कुत्रा आणि त्याच्यापुढे वाकलेला पोलीस अधिकारी, हा फोटो तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. तोच झंजीर.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातही सीझर, टायगर, सुलतान आणि मॅक्स हे लॅब पोलिसांबरोबर होते. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका फार्मवर राहिले, आणि २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले.

बारकाईने बघा, बॉम्बशोधकाचं काम म्हणजे जुनंच काम. गोंगाटात शांत राहायचं, वास काढत जायचं, सापडलं की दात न लावता थांबायचं आणि आपल्या माणसाला सांगायचं. पक्ष्याच्या जागी आरडीएक्स आलं, बाकी काही बदललं नाही. पोलिसांत कुत्रा सांभाळणाऱ्याला 'श्वान हस्तक' म्हणतात. तो रोज सकाळी त्याला धावायला नेतो, वास शोधायचा सराव देतो, मोजून खायला घालतो. कुत्रा आनंदी असतो कारण त्याला रोज नोकरी असते.

आणि आता आपला फ्लॅट

इथे पुन्हा तुमच्या प्रश्नाकडे येते. ऑनलाइन जाहिराती बघा. 'हेवी बोन, पंच फेस, केसीआय पेपरसह.' सगळं रूपाबद्दल. दिवसभर करायचं काय, याबद्दल एक शब्द नाही. जाड हाडाचा, रुंद तोंडाचा लॅब फोटोत छान दिसतो. पण हा कुत्रा थंड पाण्यात पोहायला बनलाय, दोन थरांचे केस घेऊन. त्याला आपण नागपूरच्या किंवा पुण्याच्या उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावर ठेवतो, दहा मिनिटं खाली फिरवतो आणि उरलेली पोळी-भाजी घालतो. दोन वर्षांत तो बोजड होतो. आधीच खुब्याच्या सांध्याचं दुखणं या जातीत आढळतं, त्यात वजनाची भर पडते. काम नसलेला तरुण लॅब सोफा फाडतो, मग घरचे म्हणतात 'हायपर आहे', आणि मग 'चांगलं घर बघा' असे मेसेज फिरतात.

टू बीएचकेमध्ये राहील का? राहील. घर किती मोठं यापेक्षा घराबाहेर किती वेळ हा प्रश्न मोठा आहे. ब्रिटनचा केनेल क्लब मोठ्या झालेल्या लॅबसाठी दिवसाला दोन तासांहून जास्त व्यायाम सांगतो. आपल्या हवेत तो सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यानंतर, असा वाटून घ्यावा लागतो. जवळ सुरक्षित तळं किंवा नदीचा शांत डोह असेल तर पोहू द्या, सांध्यांवर ताण कमी येतो. घरात लपवलेली वस्तू शोधायला लावा, आणून द्यायला लावा. खाणं वजन करून द्या, आणि बक्षिसाचा खाऊ त्यातूनच वजा करा.

पिल्लू घ्यायचंच असेल तर त्याची आई बघायला मागा. आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून निघा. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. 'महिन्याचं आहे, आत्ताच न्या' म्हणणारा माणूस नियम मोडतोय, हे लक्षात ठेवा. रंगासाठी जास्त पैसे मोजू नका. कुणी सोडून दिलेला मोठा लॅब मिळत असेल तर त्याचाही विचार करा, बोलो आठवा. आणि दोन तास काढणं शक्यच नसेल, तर नाही म्हणा. नाही म्हणण्यात काही कमीपणा नाही. अमेरिकेत १९९१ पासून सलग ३१ वर्षं लॅब हा सगळ्यात लोकप्रिय कुत्रा होता, म्हणून तो तुमच्याही घराला शोभेलच असं थोडंच आहे?

तोवर एक करा. सोसायटीच्या आवारात एखादा काळा लॅब भेटला, तर त्याच्या माणसाला विचारून त्याचा पाय हळूच उचलून बघा. मागे गादीजवळ पांढरे केस दिसले तर त्याच्या माणसाला बोलोची आणि त्या कोळ्यांच्या कुत्र्याची गोष्ट सांगा. आणि जाता जाता विचारा, आज याला पळायला मिळालं का?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!